पाहुणा दारात आला की कुत्रं नको तिथं नाक खुपसतंय, काय करावं?

मांजराकाठची (लातूर)

विषय जरा अवघड आहे, पण घरात विचारलं तर सगळे हसतात, म्हणून इथं विचारते.

आमच्याकडं भुऱ्या आहे. आई लॅब्रॅडॉर, बाप गल्लीतला. अंग लॅबचं, शेपूट गावठी. स्वभावानं इतका गरीब की मांजर त्याच्या ताटलीत तोंड घालतं तरी हा बाजूला बसून बघतो. पण फाटकातून कुणी आत आलं की सरळ जाऊन त्या माणसाच्या जांघेत नाक! बाई असो, बाप्या असो, भेदभाव नाही. पट्ट्याला धरून ओढला तर वळसा घालून मागून येतो, ते तर अजूनच वाईट.

साबांच्या (सासूबाईंच्या) भजनी मंडळातल्या बायका आता रस्त्यावरूनच ओरडतात, "अगं, ते बांधलं का?" परवा अहमदपूरहून नवऱ्याचे मामा आले होते. कडक इस्त्रीचं धोतर. भुऱ्यानं निऱ्यांत डोकंच घातलं. मामांनी चहा अर्धा ठेवला आणि "येतो मग" म्हणून निघाले. मोठ्या जाऊबाई तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाल्या.

तो असं का करतो आणि ते थांबवायचं कसं, एवढंच सांगा. "कुत्रंच आहे, करणारच" हे उत्तर नको, ते मला घरात रोज मिळतं.

तिरकस

हसून हसून पुरे वाट! नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले होते, इथं कुत्रं पाहुण्यामागं धावायलंय.

निवळी (जालना)

रुमाल टाकून ठेवते, उत्तरं वाचायला परत येईन. आमच्या जर्मन शेफर्डचं अगदी हेच आहे.

जुना हिशेब (बीड)

एवढा धागा कशाला काढायचा? नाकावर एक सणसणीत चापट, विषय संपला. आमच्या वस्तीवरच्या कुत्र्यांना असले थेर कधी सुचले नाहीत. लई लाड झाले की असंच होतं.

गुरांचा डॉक्टर (परभणी)

चापटीवर नंतर येतो. आधी कारण, कारण ते कळल्याशिवाय उपाय डोक्यात बसत नाही.

माणसाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी दोन तऱ्हेच्या असतात. एक तऱ्हा अंगभर पसरलेली. तिचा घाम पाण्यासारखा, खारट, अंग थंड करायला. दुसरी तऱ्हा म्हणजे ॲपोक्राइन ग्रंथी. या मुख्यतः काखेत, जांघेत आणि गुदद्वाराच्या आसपास असतात आणि वयात आल्यावर काम सुरू करतात. यांचा स्राव दाटसर असतो. कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर काम करतात आणि त्यातून ज्याचा त्याचा खास वास तयार होतो. आपण चेहरा बघून माणूस ओळखतो, कुत्रं या वासावरून ओळखतं. काख त्याच्यासाठी उंचावर. जांघ बरोबर नाकासमोर. पामेरियनलाही हेच करायचं असतं, पण त्याचं नाक पोटरीशीच संपतं, म्हणून त्याची तक्रार कुणी करत नाही. लॅबच्या उंचीनं भुऱ्या बदनाम झाला.

आता नाकाचं बघा. वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात साधारण ५०-६० लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी. शिवाय टाळूच्या पुढच्या भागात, वरच्या पुढल्या दातांच्या मागं, एक वेगळं इंद्रिय असतं. लुडविग जेकबसन नावाच्या डॅनिश शल्यविशारदानं १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. समोरचा नर की मादी, मादी माजावर आहे का, असले निरोप वाचायला ते उपयोगी पडतं.

दोन कुत्री भेटतात तेव्हा काय करतात? तोंडासमोर उभी राहत नाहीत. अर्धगोल फिरून मागं जातात आणि शेपटीखाली हुंगतात, कारण तिथं गुदग्रंथी असतात आणि त्यांच्या वासात त्या कुत्र्याची सगळी माहिती असते. समोरून येऊन डोळ्यांत डोळे घालणं हा त्यांच्यात उद्धटपणा. म्हणजे भुऱ्या त्याच्या समाजाच्या रीतीनं मामांना रामराम घालत होता.

आणि हो, याच्यात कामवासना नसते. लोकांच्या मनात तेच येतं म्हणून स्पष्ट लिहितो. नर हुंगतो तशी मादीही हुंगते, नसबंदी झालेलं कुत्रंही हुंगतं.

एक गंमत करून बघा. अंगणात बारीक धूळ असेल तिथं बिस्किटाचा चुरा टाका आणि भुऱ्या हुंगताना जवळ बसून त्याच्या नाकपुड्या बघा. प्रत्येक नाकपुडीच्या बाजूला एक चीर असते. श्वास आत जातो समोरून, बाहेर पडतो त्या चिरेतून, मागच्या बाजूला. धुळीचे दोन छोटे लोट डावी-उजवीकडं उडताना दिसतील. बाहेर पडणारी हवा समोरचा वास उधळून लावत नाही आणि सेकंदाला पाचेक वेळा हे चालू राहतं. मामांच्या धोतरापाशी तो दोन सेकंद होता असं धरा, म्हणजे दहा वेळा वाचून झालं.

आता चापट. नाकावर मारलं की "हुंगू नये" असं कुत्रं शिकत नाही. "पाहुणा आला की आपल्याला मार बसतो" एवढंच शिकतं. मग ते पाहुणा बघून गुरगुरायला लागतं. गुरगुरल्याबद्दलही मारलं की गुरगुरणं सोडतं आणि एक दिवस न गुरगुरता चावतं. त्यापेक्षा मामांचा अर्धा चहा परवडला.

जुना हिशेब (बीड)

डॉक्टर, मग आमच्या वस्तीवरची कुत्री का करत नाहीत?

गुरांचा डॉक्टर (परभणी)

करतात की. वस्तीवर माणूस येतो तेव्हा कुत्रं लांबूनच भुंकतं, तुम्ही "हाड" म्हणता, ते मागं सरतं. मग माणूस बाजेवर बसला, बोलत राहिला, की हळूच मागून येऊन त्याची चप्पल, पोटरी, पिशवी हुंगून जातं. माणसाचं लक्ष नसतं इतकंच. त्याला तिथं मोकळी जागा आहे आणि वेळ आहे. फ्लॅटच्या तीन फुटी पॅसेजमध्ये भुऱ्याला यातलं काही नाही.

मांजराकाठची (लातूर)

डॉक्टर, धुळीचा प्रयोग केला! खरंच दोन लोट उडतात. लेकरं आता दिवसभर तेच करत बसलेत. घर आमचं स्वतंत्र आहे, पण फाटक ते दार एवढीच जागा, म्हणजे पॅसेजच समजा.

आता उपाय सांगा.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

उपायाचं मी लिहिते. घर मिळेपर्यंत सोडून दिलेली कुत्री सांभाळते, त्यामुळं हे नाक रोजचंच.

कुत्र्याला "नको करू" समजायला अवघड जातं, "हे कर" पटकन समजतं. म्हणून नाकाला दुसरं काम द्यायचं. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सगळ्यात आधी मी "हात" शिकवते.

घरात शांत वेळ बघा, पाहुणे नकोत. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. शाकाहारी घर असेल तर पनीर चालेल. कांदा, लसूण, मनुके, चॉकलेट मात्र अजिबात नाही, ते कुत्र्याला विषारी. मोकळा तळहात त्याच्या नाकापासून वीतभर लांब, तुमच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला धरा. समोर नाही, बाजूला. काही बोलू नका. तो काय आहे म्हणून हुंगायला येईल. ओलं नाक तळहाताला टेकलं त्याच क्षणी "शाब्बास" आणि दुसऱ्या हातानं तुकडा. क्षण चुकला तर काहीच शिकत नाही, म्हणून घाईनं नको पण चटकन. हात त्याच्या नाकावर आपण नेऊन टेकवायचा नाही, त्यानं आणायचं. जमायला लागलं की "हात" हा शब्द जोडा, मग हात लांब न्या, खाली न्या, चालता चालता द्या.

हे पक्कं झालं की घरातलाच माणूस बाहेर पाठवा आणि पाहुण्यासारखी कडी वाजवायला लावा. भुऱ्याच्या गळ्यात दोरी असू द्या, दोरीचं दुसरं टोक तुमच्या पायाखाली, म्हणजे तो उडी मारू शकणार नाही पण उभा राहू शकेल. माणूस आत आला, तुम्ही "हात" म्हणालात, तो तुमच्याकडं वळला, तुकडा मिळाला. मग पाहुण्यानं मूठ सैल सोडून बाजूला धरायची, त्यानं ती हुंगायची. ओळख झाली, लाज राखली.

खरा पाहुणा येतो तेव्हा सुरुवातीला एवढी तंद्री राहत नाही. तेव्हा सोपा मार्ग म्हणजे मूठभर खाऊ अंगणात गवतात फेकायचा. तो शोधत बसतो, पाहुणा आत जाऊन बसतो. बसलेल्या माणसाच्या बाबतीत निम्मा प्रश्न आपोआप मिटतो.

पाहुण्यांनाही एक सांगायचं. कुत्रं पुढं आलं की लोक दोन्ही हात पुढं खाली धरतात आणि मागं सरकतात. कुत्र्याला वाटतं, इथं काहीतरी झाकलंय. ते अजून जोरात येतं. एका बाजूला वळून उभं राहायचं, कुशी त्याच्याकडं करून. बस.

आणि रोज सकाळी त्याला हुंगू द्या. फिरवायला नेलं की लोक दोरी ओढत चालतात, जणू कुत्र्याला ऑफिस गाठायचंय. विजेच्या खांबापाशी त्याला उभं राहू द्या, त्याचं वर्तमानपत्र आहे ते. हुंगण्याची भूक बाहेर भागली की घरी पाहुण्यावर कमी निघते.

निवळी (जालना)

वाचनखूण साठवली. पाणचक्की, नसबंदी केली तर बंद होईल का? आमच्याकडं एकानं छातीठोक सांगितलंय.

गुरांचा डॉक्टर (परभणी)

छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नराची नसबंदी केली की भटकणं, जागोजाग लघवी करून खूण करणं, चढणं हे कमी होण्याची शक्यता असते. माणसांना हुंगणं त्यात धरू नका. नसबंदी तिच्या कारणांसाठी करा, या कारणासाठी नको.

नाव नको

इथं बायका आहेत म्हणून धीर करून लिहिते. माझ्या बहिणीच्या घरी कुत्रा आहे. एरवी मला बघून शेपूट हलवून जातो. पण पाळी चालू असताना गेले की माझी पाठच सोडत नाही. बहिणीचे दीर, सासरे सगळे बसलेले असतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता त्या दिवसांत मी जाणंच बंद केलंय. हे मला वाटतंय की खरंच असं असतं?

गुरांचा डॉक्टर (परभणी)

खरंच असतं. पाळी, गरोदरपण, नुकतंच झालेलं बाळंतपण, अंगावर पाजणं, शरीरसंबंध, या सगळ्यांत शरीराचा वास बदलतो आणि ओळखीच्या माणसाचा वास बदलला की कुत्रं पुन्हा तपासतं. तुम्ही काही चुकीचं करत नाही आणि स्वच्छतेचाही प्रश्न नाही. अंघोळ करून, अत्तर लावून गेलात तरी त्याला कळेल.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

नाव नको, जाणं बंद करू नका. बहिणीला फोनवर एवढंच सांगा, "मी येतेय, कुत्र्याला आतल्या खोलीत हाड देऊन ठेव." कारण सांगायची गरज नाही. आल्यावर बसा, मांडीवर पर्स किंवा उशी घ्या, मग त्याला सोडू द्या. ही जबाबदारी तुमच्या बहिणीची आहे, तुमची नाही.

आज्जी नांदेडची

नातीनं वाचून दाखवलं, तिलाच लिहायला लावलंय. कुत्रं हुंगायलंय म्हणून एवढं काय घाबरायलाव? माळेगावच्या यात्रेत आम्ही लहानपणापासून जातो. तिथं घोडे, गाढवं, उंट आणि कुत्री. खंडोबाचं जनावर म्हणून कुत्र्याला कुणी हाड म्हणत नाही. लुगड्याला नाक लावलं तर लावलं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, मल्हारी हुंगून बघायलाय भाव खरा का खोटा.

तिरकस

आज्जी, दंडवत. मामांना हे आधी सांगितलं असतं तर चहा पुरा झाला असता.

शीरखुर्मा (छत्रपती संभाजीनगर)

आज्जींचं बरोबर आहे, पण प्रत्येक घरी कुत्र्याचं नाक चालत नाही, तेही लिहावं वाटलं. आमच्याकडं कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाआधी ती जागा धुवावी लागते, नाहीतर कपडे बदलावे लागतात. शेजारची ताई फार चांगली आहे, पण तिच्या टॉमीचं ओलं नाक सलवारला लागलं की मला परत घरी जाऊन बदलून यावं लागतं. एकदोनदा मी काहीतरी कारण सांगून टाळलं, कारण "तुझ्या कुत्र्यामुळं" असं म्हणायला जीभ उचलत नाही. कुत्र्याशी माझं वैर नाही, रमजानमध्ये गल्लीतल्या कुत्र्यांना पाणी ठेवणारी मीच आहे. फक्त आधी बांधलेला असला तर मी तासभर बसेन.

मांजराकाठची (लातूर)

शीरखुर्मा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साबांच्या मंडळातल्या दोघीतिघी देवळात जायच्या वाटेवर येतात, त्यांचंही तेच असणार, सोवळ्याचं. त्या बिचाऱ्या फक्त "बांधलं का" विचारतात, मला वाटायचं घाबरतात.

मुक्काम पोस्ट (हिंगोली)

सगळे पाहुण्यांचं बोलतायत. मला एक विचारायचंय. तुमच्या घरी धुण्या-भांड्याला मावशी येतात ना? गॅसची टाकी आणणारा, कुरिअरवाला? मामांना चहा अर्धा ठेवून निघून जाता आलं. मावशींना नाही जाता येत. त्या भांडी घासायला खाली बसल्या की नाक थेट तोंडाशी किंवा मागं. मी दोन घरांत बघितलंय, मालकीणबाई हसत म्हणतात, "काही करत नाही हो तो, तुमच्यावर प्रेम आहे त्याचं." मावशी काय बोलणार? दोन्ही हातांना साबण.

धागा भरकटवायचा नाही, पण मला वाटतं खरा प्रश्न इथं आहे. जो तक्रार करू शकतो त्याच्यासाठी आपण कुत्रं बांधतो.

निवळी (जालना)

मुक्काम पोस्ट, +१००.

जुना हिशेब (बीड)

याच्याशी मात्र सहमत. आमच्या सालगड्याची बायको याच पायी एका बागाईतदाराचं काम सोडून आमच्याकडं आली.

मांजराकाठची (लातूर)

मुक्काम पोस्टचं वाचून काल मावशींना विचारलं. आधी "नाही ताई, काही नाही" म्हणाल्या. चहा दिला, शेजारी बसले, पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं येताना मी जुनी साडी नेसून येते. पुढल्या घरी बदलते." माझ्या घरी दुसऱ्या साडीची पिशवी घेऊन येतात आणि मी इतके दिवस ती भाजीची पिशवी समजत होते.

आजपासून मावशी यायच्या वेळी भुऱ्या गच्चीवर. नवऱ्यानं जिन्याला खालून अर्धं दार बसवायला सुतार बोलावलाय.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

अर्धं दार ही फार चांगली गोष्ट आहे. कुत्र्याला माणसं दिसतात, वास येतो, पण अंगावर जाता येत नाही. साखळीनं बांधून ठेवलेलं कुत्रं चिडतं, दाराआड बसलेलं तितकं चिडत नाही. गच्चीवर मात्र उन्हाळ्यात नको. लातूरचा एप्रिल-मे, फरशी तापून पंजे भाजतात. सावली आणि पाणी असेल तरच.

कारवानवाला (लातूर)

उशिरा आलो. चाकूर तालुक्यातलं जानवळ माहीत आहे ना, कारवान आणि पश्मी कुत्र्यांचं गाव? माझ्याकडं तिथलीच जोडी आहे. (मुधोळ हाउंड म्हणा की कारवान म्हणा, नावावरून भांडायला वेगळा धागा काढा. २००५ साली टपाल खात्यानं तिकीट काढलं ते मुधोळ नावानं.)

सांगायचं हे की प्रत्येक जातीचा वेगळा हिशेब असतो. ही शिकार डोळ्यांनी करणारी कुत्री. उंची अशी की मान वर न करता नाक माणसाच्या कमरेशी. पण परक्या माणसावर लॅबसारखी धावून जात नाहीत. लांब उभी राहतात, तुम्ही दुसरीकडं बघायला लागलात की मागून येऊन एकदाच नाक लावतात. त्या क्षणी पाहुणा दचकून वळला आणि डोक्यावर हात ठेवायला गेला तर काम बिघडतं, कारण यांना परक्याचा हात आवडत नाही. म्हणून माझा नियम उलटा आहे. मागून नाक लागलं तरी हलायचं नाही, बोलायचं नाही. तो हुंगून जाईल.

सकाळचा फेरा (परभणी)

पाळीव कुत्र्यांचं झालं. मी पहाटे फिरायला जातो, तिथं मोकाट कुत्री येऊन पोटरी आणि मागची बाजू हुंगतात. एकानं तर पँटच चाटली. रेबीजची भीती वाटते. इंजेक्शन घ्यावं का?

गुरांचा डॉक्टर (परभणी)

हुंगण्यानं रेबीज होत नाही. धड कातडीवर चाटलं तरी लस लागत नाही, धुऊन टाका. पण कातडीवर खरचटलेलं असेल, जखम असेल आणि तिथं चाटलं, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली, तर ते चावण्याइतकंच गंभीर धरायचं. दात किंवा नख लागून ओरखडा उठला, रक्त आलं नाही तरी लस घ्यायचीच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काहीही भरायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथं लस मोफत मिळते. सगळे डोस पूर्ण करा. लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

मोकाट कुत्रं हुंगत असेल तर थांबा. पळू नका, काठी उगारू नका, डोळ्यांत बघू नका. हात अंगाशी. त्याचं वाचून झालं की जाईल. तो गेल्यावर चालायला लागा, पाठ एकदम फिरवू नका.

निवळी (जालना)

एक प्रश्न राहिला. मोबाइलवर फिरतंय की कुत्रं जांघेत सारखं हुंगायला लागलं तर कॅन्सर असतो म्हणून. माझ्या चुलत सासऱ्यांनी ते वाचून दोन दिवस जेवण सोडलं.

गुरांचा डॉक्टर (परभणी)

त्यांना आधी जेवायला सांगा.

मूळ गोष्ट खरी आहे, तिची शेपूट लांबवली आहे. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन ब्रिटिश डॉक्टरांचं पत्र आलं. एका बाईची कुत्री तिच्या पायावरच्या एकाच तिळाला सारखी हुंगायची, कपड्यावरूनसुद्धा. तपासल्यावर तो कातडीचा कॅन्सर निघाला. पुढं २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग आला. शिकवलेल्या कुत्र्यांना लघवीचे नमुने हुंगायला दिले. मूत्राशयाच्या कॅन्सरचा नमुना त्यांनी ४१ टक्के वेळा बरोबर ओळखला. नुसत्या नशिबानं १४ टक्के वेळा जमलं असतं. म्हणजे वास आहे, कुत्र्याला तो कळतो, पण महिने महिने शिकवलेल्या कुत्र्यांचंही निम्म्यापेक्षा जास्त वेळा चुकलं. तुमच्या शेफर्डला कुणी शिकवलेलं नाही, तो सगळ्यांनाच हुंगतो. एरवी तुमच्या कुत्र्याला काही पडलेलं नसताना तो एकाच माणसाच्या एकाच जागी दिवसेंदिवस नाक लावत असेल तर डॉक्टरला दाखवायला हरकत नाही, पण धागा वाचून घाबरायचं कारण नाही.

ताणाचा वास मात्र त्यांना येतो हे आणखी पक्कं आहे. २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माणसांना भराभर अवघड हिशेब तोंडी करायला लावले आणि आधीचा-नंतरचा घाम आणि श्वास कुत्र्यांना हुंगायला दिला. ९० टक्क्यांहून जास्त वेळा त्यांनी ताणाचा नमुना ओळखला. म्हणून सोयरीक जुळवायला आलेली मंडळी जास्त हुंगली जातात, हे माझं मत. प्रयोग करून पाहिलेला नाही.

तिरकस

म्हणजे हुंड्याचा हिशेब तोंडी चालू असला की कुत्र्याला कळणार. सगळ्या मुलीवाल्यांनी एकेक भुऱ्या पाळावा.

मुक्काम पोस्ट (हिंगोली)

तिरकस, हे तुमचं या धाग्यातलं एकमेव कामाचं वाक्य.

मांजराकाठची (लातूर)

अपडेट देते. "हात" घरातल्या माणसांवर मस्त जमतंय. लेकरांनी तर त्याचा खेळच केलाय, भुऱ्या दिवसभर सगळ्यांच्या तळहाताला नाक लावत फिरतो. भजनी मंडळ काल आलं तेव्हा खाऊ अंगणात फेकला. त्या आत जाऊन बसेपर्यंत तो गवतात नाक घालून होता. अर्धं दार बसलं, मावशी आता पिशवी आणत नाहीत.

पण दूधवाल्याच्या बाबतीत काहीच चालत नाही. चिकन हातात असलं तरी बघत नाही. सायकल थांबली की भुऱ्या सुटलाच. पायजम्याचा कोपरा न् कोपरा हुंगतो. माणूस भला आहे, हसतो, पण हातात दुधाची कॅन असते.

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

तो तुमच्याकडं येण्याआधी म्हशीच्या गोठ्यातून येतो. शेण, पेंड, दूध, वासरू, त्याच्या घरचं कुत्रं, आणि वाटेतली दहा घरं. एवढ्या बातम्यांपुढं चिकनचा तुकडा काय करणार? तिथं शिकवायच्या भानगडीत आत्ता पडू नका. जे जमत नाही तिथं कुत्र्याला सारखं अपयश दिलं की जमलेलंही जातं.

कारवानवाला (लातूर)

दूध यायच्या वेळेला भुऱ्या दाराआड ठेवा. नाहीतर फाटकाला आतून खिळा ठोका, पातेलं-झाकण पिशवीत घालून अडकवा. तो बाहेरूनच ओतून जाईल. आमच्याकडं तसंच आहे.

मांजराकाठची (लातूर)

खिळ्याचं जमेल. साबा म्हणतात माप डोळ्यांसमोर झालं पाहिजे, म्हणून त्या फाटकाशी उभ्या राहणार आणि भुऱ्या जिन्याच्या दाराआड. पळते आता, सायकलची घंटा वाजली.